प्लिमथची थीम एका कर्नलवर बदलते, दुसऱ्यावर जुनीच राहते. फेडोराच्या नोंदीवर तर स्प्लॅशच नाही

दोनकर्नल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका लॅपटॉपवर डेबियन १२ आणि फेडोरा या दोन लिनक्स प्रणाली शेजारी-शेजारी आहेत. मशीन यूईएफआय, सिक्युअर बूट बंद, ग्राफिक्स इंटेलचे. डेबियनमध्ये दोन कर्नल (प्रणालीचा गाभा) आहेत: मूळचा ६.१ आणि बॅकपोर्ट्समधला (नव्या आवृत्त्यांच्या जादा भांडारातला) ६.१२. सुरुवातीला मेनू येतो तो डेबियनच्या ग्रब या बूटलोडरचा. फेडोराची नोंद त्यात ओएस-प्रोबरने (डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधणारे साधन) आणली आहे.

बूट होताना चित्रपडदा (स्प्लॅश) दाखवतो तो प्रोग्राम म्हणजे प्लिमथ. त्याची थीम बदलायला डेबियनमध्ये 'प्लिमथ-सेट-डिफॉल्ट-थीम -आर स्पिनर' चालवले. एररही आली नाही. आता असे दिसते:

६.१२ ने बूट केले की नवी थीम येते. ६.१ ने केले की जुनीच, मात्र मशीन बंद करताना ६.१ वरही नवी थीम दिसते, हे कोडे सुटत नाही. फेडोरा डेबियनच्या मेनूतून सुरू केले तर स्प्लॅश नाहीच, नुसत्या ओळी धावतात. तेच फेडोरा फर्मवेअरच्या बूट मेनूतून थेट निवडले तर स्प्लॅश नीट येतो.

डेबियनचे /बूट वेगळे पार्टिशन आहे, ५१२ एमबी, साधारण ७० टक्के भरलेले. सगळ्या कर्नलना एकच थीम कशी लावावी, आणि लावताना काय बिघडू शकते?

---

इनिटपाहणारा

तुमच्या कोड्यातच उत्तर आहे. बूट होताना दिसणारी थीम तुमच्या रूट (डिस्कवरच्या मुख्य) फाइलसिस्टिममधून येत नाही, ती इनिट्रॅमएफएसमधून येते, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उलगडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममधून; /बूटमध्ये तिची फाइल इनिटआरडी नावाने असते. आणि इनिट्रॅमएफएस प्रत्येक कर्नलची स्वतंत्र असते. रूट माउंट होण्याच्या आधीच प्लिमथ सुरू झालेला असतो. त्याने जी थीम उचलली तीच लॉगिनपर्यंत टिकते, मधे सेटिंग पुन्हा वाचले जात नाही. बंद करताना मात्र प्लिमथ नव्याने सुरू होतो, तो थेट रूटवरून. म्हणून ६.१ वर येताना जुनी थीम आणि जाताना नवी. हे लक्षण दिसले की समजायचे, सेटिंग बरोबर आहे, फक्त त्या कर्नलची इनिट्रॅमएफएस शिळी आहे.

शिळी का राहिली? '-आर' (मोठा आर) हा पर्याय डेबियनमध्ये आतून 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवतो, आणि आवृत्ती न सांगता दिलेला '-यू' फक्त सर्वांत नव्या कर्नलची फाइल बनवतो. तुमच्याकडे सर्वांत नवा ६.१२. एरर येण्याचे कारणच नव्हते.

आता क्रम. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

१. आधी जागा पाहा: 'डीएफ -एच /बूट'. नवी फाइल '.न्यू' शेपटीने शेजारी बनते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते. म्हणजे काही क्षण दोन्ही फाइली एकत्र नांदतात. सर्वांत मोठ्या इनिटआरडीच्या आकाराहून थोडी जास्त जागा मोकळी हवीच. तुमच्याकडे दीडशे एमबीच्या आसपास उरले असावेत, बहुधा पुरतील, पण 'एलएस -एलएच /बूट' करून आकडे ताडून घ्या.

२. ६.१ ची सध्याची चालू फाइल /बूटच्या बाहेर कुठेतरी कॉपी करून ठेवा.

३. एकाच कर्नलची बनवा: 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के' आणि पुढे पूर्ण आवृत्ती, म्हणजे 'एलएस /लिब/मॉड्यूल्स' मध्ये दिसते ती जशीच्या तशी. नुसते '६.१' चालणार नाही.

४. रीस्टार्ट करण्याआधी आत काय गेले ते बघा: 'एलएसइनिट्रॅमएफएस' ला त्या फाइलचा पत्ता द्या आणि निकाल 'ग्रेप प्लिमथ' मधून गाळा. थीम्सच्या फोल्डरखाली स्पिनर दिसला पाहिजे. जुन्याच थीमचे नाव दिसले तर रीस्टार्ट करून उपयोग नाही.

५. तो कर्नल बूट करून पाहा. जमले की मग '-के ऑल'.

बरेच जण पहिल्या फटक्यात '-के ऑल' देतात. मी ते टाळा म्हणेन. थीममध्ये किंवा हुकमध्ये (इनिट्रॅमएफएस बनताना चालणारी स्क्रिप्ट) काही चूक असेल तर ती एका दमात सगळ्या कर्नलमध्ये जाते आणि परतीची वाट उरत नाही. एक कर्नल हात न लावलेला ठेवा, निदान नवा बूट होईपर्यंत तरी.

जागा खरेच कमी पडली तर आधी 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ने नको असलेले कर्नल काढा. तेवढ्याने भागले नाही तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या मुख्य कॉन्फ फाइलमध्ये 'कॉम्प्रेस' ला 'एक्सझेड' द्या. फाइल लहान होते, पण बनायला आणि बूटच्या वेळी उलगडायला वेळ जास्त लागतो. 'मॉड्यूल्स=डेप' केल्यानेही आकार बराच घटतो. मात्र मग ती फाइल याच मशीनपुरती राहते, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर कदाचित बूट होणार नाही.

---

ग्रबसोबती

फेडोराचा भाग मी घेतो, कारण ते दुखणे वेगळे आहे. तिथे थीम बरोबर आहे, इनिट्रॅमएफएस बरोबर आहे. चुकतात ती कर्नलला दिली जाणारी पॅरामीटर.

प्लिमथला स्प्लॅश दाखवायला कर्नलच्या कमांडलाइनवर इशारा लागतो. डेबियनमध्ये 'क्वाएट स्प्लॅश', फेडोरात 'आरएचजीबी क्वाएट'. ओएस-प्रोबर दुसऱ्या प्रणालीची ग्रब.सीएफजी वाचून तिथल्या नोंदी उचलतो. पण आजच्या फेडोरात त्या फाइलीत नोंदी नसतातच. त्या /बूट/लोडर/एंट्रीज मध्ये, प्रत्येक कर्नलची एक अशा छोट्या कॉन्फ फाइलींत असतात आणि ग्रब.सीएफजीमध्ये फक्त 'बीएलएससीएफजी' ही हाक असते. डेबियनच्या ओएस-प्रोबरला ती समजत नाही. मग तो /बूटमधले कर्नल आणि इनिट्रॅमएफएस स्वतः शोधतो आणि 'रूट=' एवढेच लिहून नोंद तयार करतो. आरएचजीबी गेले, क्वाएट गेले. खात्री करायची तर दोन्ही वाटांनी फेडोरा बूट करा आणि दोन्ही वेळा 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' पाहा.

ही नुसती दिसण्याची बाब नाही. फेडोरा बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर असेल तर 'रूटफ्लॅग्स=सबव्हॉल=रूट' हेही त्या नोंदीतून गळते आणि मशीन बूटच होत नाही.

डेबियनच्या बाजूने 'कॉन्फिगफाइल' वापरून फेडोराची ग्रब.सीएफजी उघडायचा मोह होईल. डेबियन १२ मधला ग्रब २.०६ 'बीएलएससीएफजी' ओळखत नाही, त्यामुळे मेनू रिकामा येईल. सरळ उपाय असा की फेडोराच्या बूटलोडरला पूर्ण ताबा द्यायचा. /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम मध्ये एक मेनूएंट्री लिहा. आत दोनच ओळी: पहिली 'सर्च --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट' आणि पुढे ईएसपी पार्टिशनचा (जिथे ईएफआय बूट फाइली असतात) यूयूआयडी म्हणजे ओळख-क्रमांक ('बीएलकेआयडी' ने मिळेल, चार-चार अक्षरांचा छोटा असतो), दुसरी 'चेनलोडर /ईएफआय/फेडोरा/शिमएक्स६४.ईएफआय'. मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=ट्रू' करा, नाहीतर जुन्या अर्धवट नोंदीही मेनूत राहतील. शेवटी 'अपडेट-ग्रब'. ओएस-प्रोबर ग्रब २.०६ पासून मुळातच बंद असतो, म्हणजे तुम्ही तो मुद्दाम चालू केलेला आहे.

याचा मोठा फायदा असा: फेडोरात नवा कर्नल आला की डेबियनमध्ये येऊन 'अपडेट-ग्रब' करायची गरज संपते. फेडोरा आपला मेनू आपणच सांभाळतो.

पुढे कधी सिक्युअर बूट चालू केलेत आणि ही साखळी अडली, तर 'ईएफआयबूटएमजीआर -एन' ने पुढच्या एका बूटपुरते फेडोरा निवडता येते.

फेडोरातही थीम बदलणार असाल तर तीच खोच तिथेही आहे. तिथला '-आर' आतून 'ड्रॅकट -एफ' चालवतो, आणि तो फक्त चालू असलेल्या कर्नलची फाइल बनवतो. डेबियन सर्वांत नवा धरतो, फेडोरा चालू असलेला. सगळ्यांसाठी 'ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल', तपासायला 'एलएसइनिटआरडी'. सर्व नोंदींना पॅरामीटर द्यायचे तर 'ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज="आरएचजीबी क्वाएट"'. यातला ऑल मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतला आहे, आणि पॅरामीटर बदलल्यावर इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवावी लागत नाही.

---

दोनकर्नल

दोघांचेही आभार. ६.१ ची फाइल एकटी बनवली, 'एलएसइनिट्रॅमएफएस' मध्ये स्पिनर दिसला, बूटही झाले. चेनलोडरने फेडोराचा स्प्लॅशही आला.

आता उलटा प्रश्न. ६.१ आणि ६.१२ ला मुद्दाम वेगळ्या थीम ठेवता येतील का? कोणता कर्नल बूट होतोय हे पडद्यावरूनच कळावे म्हणून. आणि ६.१ वर स्प्लॅश उशिरा उमटतो, ६.१२ वर लगेच. हे का?

---

इनिटपाहणारा

वेगळ्या थीमसाठी दोन वाटा आहेत.

सोपी: पहिली थीम '-आर' न देता ठरवा, ६.१ ची इनिट्रॅमएफएस '-के' देऊन बनवा, मग दुसरी थीम ठरवा आणि ६.१२ ची बनवा. चालते, पण कच्चे आहे. ज्या दिवशी कुठल्या अपडेटमुळे ६.१ ची फाइल पुन्हा बनेल त्या दिवशी तिच्यात दुसरी थीम जाईल, आणि ते तुम्हाला कोणी सांगणार नाही.

पक्की: कर्नलच्या कमांडलाइनवर 'प्लिमथ.स्प्लॅश=' आणि पुढे थीमचे नाव. प्लिमथ ठरलेली थीम सोडून ही घेतो. अट एकच, ती थीम इनिट्रॅमएफएसच्या आत असली पाहिजे, आणि नेहमीचा हुक फक्त ठरलेली थीम आत टाकतो. तेव्हा /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/हुक्स मध्ये स्वतःचा छोटा हुक लिहून दुसऱ्या थीमचे पूर्ण फोल्डर कॉपी करा. त्या थीमच्या '.प्लिमथ' फाइलमध्ये 'मॉड्यूलनेम' म्हणून जो प्लगइन लिहिलेला असतो त्याची '.एसओ' फाइलही 'कॉपी_एक्झेक' ने घ्या. हे प्लगइनचे बहुतेक जण विसरतात आणि मग चित्रे आत असूनही पडद्यावर मजकूरच येतो. हुकला एक्झिक्युट परवानगी द्यायला विसरू नका, ती नसेल तर तो गुपचूप वगळला जातो.

आणि हे पॅरामीटर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये घालू नका, तिथले सगळ्या कर्नलना लागू होते. ६.१ साठी ४०_कस्टम मध्ये वेगळी नोंद करा.

---

केएमएसवाचक

उशिराबद्दल. प्लिमथ ग्राफिक्स ड्रायव्हर तयार होण्याची वाट पाहतो. तो इनिट्रॅमएफएसमध्ये नसेल तर रूट माउंट झाल्यावर लोड होतो आणि स्प्लॅश तेवढा रखडतो. दोन्ही इनिटआरडींमध्ये 'आय९१५' (इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर) आहे का ते 'ग्रेप' ने पाहा. ६.१ मध्ये नसेल तर /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स मध्ये 'आय९१५' अशी एक ओळ घाला आणि त्या कर्नलची फाइल पुन्हा बनवा. बनताना 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' अशा सूचना आल्या तर घाबरू नका. तुमच्या चिपशी संबंध नसलेल्या फर्मवेअरचीही नावे त्यात येतात.

किती सेकंद वाट पाहायची ते प्लिमथडी.कॉन्फ मधला 'डिव्हाइसटाइमआउट' ठरवतो. तीही फाइल इनिट्रॅमएफएसच्या आत जाते, म्हणून ती बदलली की फाइल पुन्हा बनवणे आलेच.

तरीही उलगडा नाही झाला तर त्या एका बूटपुरते ग्रबमध्ये 'ई' दाबून 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'प्लिमथ.डीबग' जोडा. नोंद /व्हार/लॉग/प्लिमथ-डीबग.लॉग मध्ये मिळेल. स्प्लॅशच्या मागे काय चाललेय ते बघायला एस्केप पुरते.

हा धागा वाचणाऱ्या एनव्हिडियावाल्यांसाठी: आधी 'डीकेएमएस स्टेटस' पाहा (डीकेएमएस हे कर्नलबाहेरची मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी बनवणारे साधन). एखाद्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलेलेच नसेल तर थीमवर कितीही मेहनत घेतली तरी फरक पडणार नाही.

---

प्रीसेट

आर्चवर दोन कर्नल ठेवणाऱ्यांसाठी: इनिट्रॅमएफएस बनवणारे 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' मोठ्या 'पी' ने चालवले तर सर्व प्रीसेट (प्रत्येक कर्नलची ठरवून ठेवलेली मांडणी) बनतात, लहान 'पी' ला एका प्रीसेटचे नाव द्यावे लागते. हुक्सच्या ओळीत 'प्लिमथ' हा 'एन्क्रिप्ट' च्या आधी हवा, नाहीतर पासवर्ड विचारणारा पडदा स्प्लॅशमध्ये न येता साध्या मजकुरात येतो.

युनिफाइड कर्नल इमेज (कर्नल आणि इनिट्रॅमएफएस एकाच ईएफआय फाइलीत) वापरत असाल तर कमांडलाइन त्या ईएफआय फाइलीतच भरलेली असते, ती बदलायची तर इमेज पुन्हा बनवावी लागते. तिच्यात बीएमपी चित्राचा वेगळा स्प्लॅशही असू शकतो. तो प्लिमथच्या आधी दिसतो आणि प्लिमथच्या थीमशी त्याचा संबंध नाही.

---

ग्रबसोबती

एक राहिले. '--रीजनरेट-ऑल' /लिब/मॉड्यूल्स मधल्या आवृत्त्यांवरून फिरते, त्यामुळे फेडोराच्या '०-रेस्क्यू' (अडचणीच्या वेळी वापरायच्या) नोंदीची इनिट्रॅमएफएस त्यात येत नाही. तिथे जुनी थीम दिसली तर तशीच राहू द्या.