ब्रेक दाबूनही ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून निघत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची, सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गिअरबॉक्स असलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. कालपासून तिचा गिअर ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये, अडकला आहे. गाडी किल्लीने सुरू होते, बटणाने नाही. इंजिन नेहमीसारखे सुरू होते, पण ब्रेकचे पेडल पूर्ण दाबले तरी गिअरच्या दांड्यावरील बटण आत जात नाही आणि दांडा तसूभरही हलत नाही. गेल्या महिनाभरात असे तीन-चार वेळा झाले होते, मात्र पेडल पुन्हा पुन्हा दाबले की ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन दांडा मोकळा होत असे, त्यामुळे मी दुर्लक्ष केले. काल तो आवाजच आला नाही.

एक गोष्ट योगायोगाने लक्षात आली. आमचे पार्किंग तळघरात आहे आणि गाडीची मागची बाजू भिंतीला लागून असते. ब्रेक दाबला की आरशात ती भिंत लाल दिसते; काल ती काळीच राहिली. मुलीला मागे उभे करून खात्री केली, तर ब्रेकचे तिन्ही दिवे लागत नाहीत. तीन बल्ब एकाच वेळी गेले असतील असे वाटत नाही. ‘स्टॉप’ लिहिलेला फ्यूज काढून पाहिला, त्याची तार शाबूत आहे.

कार्यशाळेतील सल्लागारांनी दिव्यांबद्दलचे पूर्ण ऐकून न घेताच, गिअरबॉक्स उघडावा लागेल, गाडी ट्रकवर घालून आणा, असे सांगितले. तळघराची उंची जेमतेम सात फूट असल्याने तो ट्रक आत येणार नाही, आणि ‘पी’मुळे पुढची चाके जखडलेली असल्याने गाडी ढकलताही येत नाही. शिवाय आमची जागा किंचित उतारावर आहे आणि हँडब्रेक न लावता थेट ‘पी’ टाकून उतरण्याची वाईट सवय मला आहे. त्याने गिअरबॉक्सच्या आतच काही मोडले असेल का? की दोष ब्रेकच्या स्विचपुरताच आहे? आणि गाडी तळघरातून बाहेर कशी काढावी?

प्रतिसाद

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या काळ्या भिंतीवरच आहे. ब्रेकच्या पेडलापाशी, वरच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. पेडल दाबले की तो मागचे दिवे लावतो आणि त्याच वेळी गिअरच्या दांड्याशेजारील सोलेनॉइडला, म्हणजे दांडा अडवून ठेवणाऱ्या विजेच्या खटक्याला, कुलूप उघडण्याचा इशारा मिळतो; आपण ऐकत होता तो ‘टक्’ आवाज त्याचाच. दिवेही नाहीत, आवाजही नाही आणि फ्यूज चांगला आहे, म्हणजे पहिला संशय स्विचवर. किल्लीची गाडी असल्यामुळे निदान इंजिन तरी सुरू होते. बटणाच्या गाडीत स्टार्टरलाही हाच इशारा लागतो, त्यामुळे ती बहुधा सुरूच झाली नसती.

उताराचा त्रास वेगळ्या तऱ्हेने जाणवतो. ‘पी’ टाकल्यावर गिअरबॉक्समधील दातेरी चक्रात एक लोखंडी खटका अडकतो, आणि हँडब्रेक नसेल तर गाडीचा सगळा भार त्या एका खटक्यावर येतो. तशा वेळी बटण आत जाते, पण दांडा जड लागतो आणि निघताना गाडीला धक्का बसतो. आपले बटणच आत जात नाही, तेव्हा गिअरबॉक्स उघडायला इतक्यात कोणालाही परवानगी देऊ नका. यापुढे मात्र पाय ब्रेकवर ठेवून आधी ‘एन’ (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि शेवटी ब्रेक दाबून ‘पी’ टाकावा.

गाडी हलवण्यासाठी दांड्याच्या तळाशी नखाएवढी प्लास्टिकची टोपी शोधा; बहुतेक गाड्यांत ती असते, जागा पुस्तिकेत दिलेली असते. हँडब्रेक पक्का ओढा, चाकामागे वीट लावा, टोपी काढा, ब्रेक दाबून त्या भोकात पेचकस खाली दाबा आणि दांडा ‘एन’मध्ये आणा. मात्र असे करून रस्त्यावर जाऊ नका. आपण ब्रेक लावल्याचे मागच्या गाडीला कळणारच नाही, आणि गिअर अडकण्यापेक्षा ते कितीतरी अधिक धोक्याचे आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनलाच तळघरात बोलवा. पेडल दाबल्यावर स्विचच्या एका तारेत वीज आहे आणि दुसरीत येत नाही, एवढे त्याने टेस्ट लॅम्पने (तारेत वीज असली की लागणाऱ्या छोट्या दिव्याने) पाहिले की निदान झाले.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

मनापासून आभार. इलेक्ट्रिशियन आज सकाळी आले. टेस्ट लॅम्प एका तारेवर लागला, दुसरीवर नाही. काढलेला स्विच उघडून त्यांनी दाखवला, आतील तांब्याच्या पट्ट्या जळून काळ्या पडल्या होत्या. नवीन स्विच अर्ध्या तासात बसला, भिंत लाल झाली आणि ‘टक्’ आवाजही परत आला. गिअरबॉक्सला कोणी हातही लावला नाही. काल रात्री पेचकसाने उचकटलेली ती टोपी मात्र सीटखाली कुठे उडाली ते सापडत नाही; त्या भोकात चहा किंवा सुटे पैसे जाऊ नयेत म्हणून तूर्तास वर चिकटपट्टी लावली आहे.