शब्दचर्चा : ‘काइरेकी’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एदो काळातल्या, म्हणजे शोगुन हे लष्करी शासक एदोतून (आजचं टोकियो) राज्य करत तेव्हाच्या, जपानवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘काइरेकी’पाशी अडलेय. ‘काइ’ म्हणजे बदलणं, ‘रेकी’ म्हणजे ‘कोयोमी’, वर्षाचे दिवस-महिने मांडलेलं पुस्तक. आधी ‘दिनदर्शिका सुधारणा’ लिहिलं, पण वाचताना भिंतीवरचा कागदच डोळ्यांपुढे येतो. सुचवा.

— ‘पंचांगशोधन’. केतकर-टिळकांच्या काळापासून रुळलेला शब्द आहे. तिथली कालगणनाही आपल्यासारखी चांद्र-सौर. ज्या चांद्रमासात ठरलेलं सूर्यसंक्रमण येत नाही तो अधिक, हे तत्त्वही तेच. त्यामुळे तिथल्या जादा महिन्याला, ‘उरूझुकी’ला, खुशाल अधिक महिना म्हणा.

— अधिक महिना पटला, पण ‘पंचांग’ खटकतं. तिथे योग आणि करण कुठे आहेत?

— अंगं पाच भरत नाहीत, खरंय. पण कोयोमीत शुभ-अशुभ दिवस असत आणि लोक ते बघून कामं काढत. बौद्ध ग्रंथांबरोबर आपली 27 नक्षत्रंही तिथे पोचली होती. 1685 पासून ती मागे पडून चिनी पद्धतीची 28 आली. ‘पंचांग’च ठेवा.

— ‘पंचांग’ ठेवते. अडचण ‘शोधन’ची आहे, जरा सविस्तर सांगते.

862 पासून जपानात ‘सेन्म्यो’ हे चिनी पंचांग चालू होतं. आठशे वर्षांत त्याची दक्षिणायनाची अखेर प्रत्यक्षाच्या दोन दिवस मागे पडली. शंकूची, म्हणजे सावली मोजायला उभ्या रोवलेल्या काठीची, दुपारची सावली सर्वांत लांब पडायची एका दिवशी आणि पंचांग सांगायचं दुसराच. शिबुकावा हारुमी मूळचा शोगुनच्या पदरी पटावरचा ‘गो’ खेळणारा. त्यानं आधी चीनचंच ‘जुजी’ पंचांग सुचवलं. 1675 च्या सूर्यग्रहणाला ते चुकलं आणि प्रस्ताव बारगळला. मग त्यानं चीन आणि जपानमधला रेखांशाचा फरक धरून नवं गणित बसवलं. इथवर ‘शोधन’ अगदी चपखल बसतं.

पण पंचांग जाहीर करायचा मान क्योतोतल्या सम्राटाच्या दरबाराचा, आणि ज्योतिषाचं काम तिथल्या त्सुचिमिकादो घराण्याकडे. 1684 च्या वसंतात दरबारानं चीनचं मिंगकालीन पंचांग मंजूर केलं. हारुमीचं पंचांग स्वीकारलं ते त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, ‘जोक्यो’ या चालू शकाचं नाव देऊन. पुढे शोगुननं एदोत ‘तेन्मोनकाता’ हे खगोलाचं पद निर्माण करून हारुमीला नेमलं. गणित एदोकडे आलं, जाहीर करायचा मान क्योतोकडेच राहिला.

आता 1755 चं ‘होरेकी’ पंचांग बघा. शोगुन योशिमुनेला पाश्चात्त्य गणितावर बेतलेलं पंचांग हवं होतं. तो 1751 त वारला आणि सूत्रं त्सुचिमिकादो घराण्यानं हाती घेतली. नवं पंचांग 1763 चं सूर्यग्रहण सांगू शकलं नाही. खासगीत आकाश पाहणाऱ्यांनी मात्र ते आधीच वर्तवलं होतं. याला ‘शोधन’ म्हणायला माझी लेखणी धजत नाही. इथे पंचांग नुसतं बदललं, शुद्ध झालंच नाही.

— मग ‘पंचांगपालट’ करा. राज्यपालट, खांदेपालट यांच्या पंगतीत शोभतो, आणि हुकमानं झालेला बदल त्यात आपसूक येतो.

— वा! आणि एक गंमत. एदोतले दुकानदार एक पाटी टांगत. एका बाजूला ‘दाइ’, म्हणजे 30 दिवसांचा मोठा महिना, दुसऱ्या बाजूला ‘शो’, म्हणजे 29 चा लहान. उधारी महिनाअखेरीला वसूल व्हायची, म्हणून ती अखेर केव्हा हे गिऱ्हाइकाला दिसायला हवं. मोठ्या-लहान महिन्यांचा क्रम दरवर्षी वेगळा, त्यामुळे पाटी पंचांग बघूनच पालटायची.

— ठरलं. हारुमीच्या निरीक्षणांना आणि पाश्चात्त्य गणित घेणाऱ्या 1798 च्या ‘कान्सेई’ पंचांगामागच्या कामाला ‘पंचांगशोधन’. फर्मानाला ‘पंचांगपालट’. 1873 ला काय करू? तेव्हा सरकारनं पाश्चात्त्य कालगणना घेतली. मेइजी शकाच्या 5 व्या वर्षी बाराव्या महिन्याचा दुसरा दिवस संपला आणि थेट 1 जानेवारी उजाडला. पुढच्या वर्षी अधिक महिना येत होता, सरकारचा तेरावा पगार वाचला.

— तिथे ‘कॅलेंडर’ लिहा. त्या दिवशी सरकारी कामकाजातून पंचांगच गेलं.