दमून आलेल्याचा अबोला: गरज की सवलत?

डोंबिवलीकर (धागाकर्ता):
कामाचा ताण उंबऱ्याबाहेर ठेवावा, असे सांगणाऱ्यांनी एकदा सायंकाळी सीएसएमटीहून कर्जत जलद पकडून डोंबिवलीला उतरून दाखवावे. अशा माणसाने दारात चपला काढताच गॅसचा नंबर लावला का, शाळेची फी भरली का, असे प्रश्न सुरू झाले की तो एक तर गप्प बसतो, नाही तर खेकसतो. आणि माझ्या मते त्यातले गप्प बसणेच बरे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवाई वाहतूक नियंत्रक कामाचा भार अधिक असलेल्या दिवशी घरी अलिप्त राहत आणि रागही कमी दाखवत, असे आढळले. जोडीदाराने सांभाळून घेतले तर हे विशेषच दिसे. तेव्हा घरी आल्यावर अर्धा तास कोणी काही विचारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ओट्यापाशी:
‘जोडीदाराने सांभाळून घेतले तर’ हे शब्द आपण फार घाईने ओलांडलेत. सांभाळून घेणारी त्याच गाडीने आलेली असते. महिलांच्या डब्यात ठाणे येईपर्यंत माझी गवार मोडून होते आणि घरी पर्स खांद्यावर असतानाच कुकर चढतो. यजमान सोफ्यावर शांत बसतात, तेव्हा त्यांचा जेवणाचा डबा बॅगेतच असतो. सकाळी तो उघडल्यावर आंबलेल्या उसळीचा वास येतो आणि आदल्या रात्री टळलेले भांडण तेव्हा होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच सुमारे २६ टक्के. माझा अर्धा तास यात कोठे बसवायचा, ते सांगावे.

रात्रपाळी:
आपण दोघे निदान एका वेळी घरी असता. ऐरोलीतले माझे काम अमेरिकेच्या घड्याळावर चालते. मी पहाटे घरात शिरतो तेव्हा पत्नी सकाळच्या लोकलसाठी उठलेली असते. आमचे बोलणे ‘दूध तापवले आहे’ एवढ्यावर येऊन थांबले आहे. अबोल्यासाठीसुद्धा समोर माणूस लागते, त्यामुळे हा वाद मला थोडा चैनीचा वाटतो.

डोंबिवलीकर:
रात्रपाळी, आपली अडचण वेगळी आहे आणि ती कार्यालयाने सोडवायची आहे. दोघांनी समजुतीने वागून पाळी बदलत नाही. ओट्यापाशी, आपला आकडा मला अडचणीत टाकणारा आहे, तरीही अन्याय कामाच्या वाटणीत आहे, गप्प बसण्यात नाही, असे मी अजून म्हणेन. डब्याचे मात्र मान्य. काल आल्याबरोबर मी तो बॅगेतून काढला, घासूनही ठेवला. झाकणाची रबरी रिंग काढून घासायची असते, हे लग्नानंतर चौदा वर्षांनी समजले.