जिनिंगमधलं कोणतं काम एआयले द्यायचं?

गाठवाला, हिंगणघाट: राजेहो, आमचा जिनिंगचा कारखाना, कापसातून सरकी काढून गाठी बांधतो. सीझन तोंडावर आला अन् पार्टनर म्हणतात सगळंच एआयवर टाकू. माझं मत असं, की जे काम रोज एकाच साच्याचं येते अन् चूक झाली तर लगेच सापडते तेच द्यावं. काट्याची पावती घ्या, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, मुनीम रात्री उशिरापर्यंत टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, चढवत बसते. फोटो काढला की एआय वाचून देते, वजाबाकी निव्वळ वजनाशी जुळली नाही तर चूक तिथंच कळते. पण कापसाची प्रत माणसानंच ठरवावी. ग्रेडर कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढते, वरून वाळलेला खालून ओला, हे फोटोत काय दिसणार?

कास्तकार, आर्णी: नाही पटलं भाऊ. जे काम माणसाकडं ठेवा म्हणता तिथंच आमचं नुकसान होते. सीसीआयकडं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडं, निदान नियम आहे, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कटती म्हणजे भावात कपात, त्याच्यावर कापूस घेतच नाहीत. खाजगीत ग्रेडर मुठीत दाबते अन् म्हणते ओला आहे, भाव कमी. किती ओला, कुठं लिहून नाही. मशीनले ओळखपाळख नसते, पहिले तिथंच लावा.

हिशेबनीस, अकोट: ओलाव्याला एआय कशाला? मीटर चार ठिकाणी खुपसा, आकडा पावतीवर छापा, कटतीचा तक्ता भिंतीवर लावा, झालं. नियम ठरलेला असला की साधं सॉफ्टवेअर पुरतं, एआयचे पैसे तिथं घाला जिथं प्रत्येक कागद वेगळ्या अक्षरात येतो.

गाठवाला: मीटरचं मान्य. पण कवडी म्हणजे किडका, नीट न उमललेला कापूस किती, फरदड म्हणजे सीझन संपल्यावर त्याच झाडाचा परत घेतलेला हलका कापूस मिसळला का, हे मीटर सांगत नाही.

कास्तकार, आर्णी: मंग कवडी तर कॅमेऱ्याले दिसते ना! भाव मशीननं ठरवावा असं मी म्हणतच नाही. ग्रेडरनं कटती लावली की फोटो ठेवा, मशीनचं मत बाजूले लिहा, दोघायचं जमलं नाही तर कास्तकारासमोर परत ढीग उलथा.

चुकारे पाहणारी, वणी: दादा, तुमची कसोटी चुकाऱ्याला, म्हणजे कास्तकाराच्या खात्यात कापसाचे पैसे टाकायच्या कामाला, लावून पहा. पासबुक वाचणं रोजचंच, साच्याचंच काम. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, ११ अक्षरी, पाचवं नेहमी शून्य, तिथं कोणी ओ लिहिला तर साधा नियमही पकडतो. पण खाते नंबरात १ चा ७ वाचला गेला तर कास्तकार पैसे विचारायला येईपर्यंत कळतच नाही, अन् तोवर ते भलत्याच्या खात्यात. वाचू द्या एआयला, पैसे सोडताना माणसानं पासबुक डोळ्यानं पाहिलंच पाहिजे.

गाठवाला: ताई, बरोबर आहे, चुकारे माणसाकडंच ठेवतो. पण आर्णीवाले भाऊ, फोटो ठेवायले मी तयार आहे, मशीनचं मत पावतीवर नाही. आमच्या यार्डात रात्री पिवळे बल्ब, त्याच्याखाली पांढराशुभ्र कापूसही डागी दिसते, उगाच भांडणं लागतील.

कास्तकार, आर्णी: मंग एक शेड ठरवा, पांढरा लाइट लावा, प्रत्येक गाडीचा फोटो तिथंच काढा. बल्बापायी आमचा भाव काहून कापावा?