विषय: डेट्रॉइटचा ऑटोरामा, कोणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,

आमच्या 16 वर्षांच्या चिरंजीवांना डेट्रॉइटचा ऑटोरामा (हौसेने बदलून घडवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन) बघायचाय, गेले सहा महिने घरात दुसरा विषय नाही. हे त्या सुमारास पुण्यात असणार, म्हणजे मी आणि तो दोघंच. ब्रॅम्प्टनहून गाडीने जावं का, बॉर्डरला काय लागतं, एक दिवस पुरतो का? कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

— ब्रॅम्प्टनहून, एक आई

----------

ताई, नक्की घेऊन जा त्याला!! मी तीनदा जाऊन आलोय आणि एकदा आमच्या आण्णांना घेऊन गेलो होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी जाण्याचं. 401 हायवेने सरळ विंडसर, म्हणजे कॅनडाच्या बाजूचं बॉर्डरचं गाव, चार तास धरा, पण शो फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला असतो आणि लंडनच्या (आपल्या ओंटारिओतल्या) पुढे बर्फ कधी गाठेल सांगता येत नाही, आम्हाला एकदा चाताममध्ये रात्र काढावी लागली होती, त्यामुळे आदल्या दिवशीच विंडसर गाठा आणि सकाळी नदीखालच्या टनेलने पलीकडे जा. टनेल डेट्रॉइटच्या भर डाउनटाउनमध्ये निघतो, तिथून हंटिंग्टन प्लेस (जुनं नाव कोबो हॉल) अगदी जवळ. गंमत म्हणजे तिथे कॅनडातून अमेरिकेत जाताना आपण उत्तरेकडे जातो, मुलाला नकाशात दाखवा. दोघांचे पासपोर्ट, आणि मिस्टर बरोबर नाहीत तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र जवळ ठेवाच, विचारतीलच असं नाही पण विचारलं तर अडायला नको.

शक्यतो शुक्रवारीच जा. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी वाकून बघता आली नाही तर जाऊन उपयोग काय. शुक्रवारीच ग्रेट 8 जाहीर होतात, म्हणजे रिडलर अवॉर्डसाठी, शोच्या सगळ्यात मानाच्या बक्षिसासाठी, निवडलेल्या आठ गाड्या. रिडलर 1964 पासून दिलं जातं आणि अट अशी की ती गाडी आधी कुठल्याच शोमध्ये दाखवलेली नसावी. लोक पाच-सहा वर्षं गॅरेजमध्ये खपतात आणि पडदा उघडतात तो इथे. चिप फूज या गाड्या डिझाइन करणाऱ्या माणसाने ते चार वेळा जिंकलंय, त्यातली एक गाडी म्हणजे कॉर्व्हेटच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसवलेली 1965 ची इम्पाला, मुलाला हे माहीत असेलच.

पण तुम्ही आधी खाली उतरा, तळमजल्यावर. तिथे ऑटोरामा एक्स्ट्रीम असतं, जुन्या पद्धतीचे हॉट रॉड (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्या), टप कापून बुटक्या केलेल्या मर्क्युरी कंपनीच्या गाड्या, दाराची हँडलं काढून पत्रा सपाट केलेला. तिथली माणसं मोकळेपणाने बोलतात, मुलाला म्हणावं लाजू नकोस, विचार.

आता आण्णांचं सांगतो. आण्णांनी कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं. ठोकलेली गाडी यायची, ती 'होती तशी' करून द्यायची, आयुष्य त्यात गेलं. होती त्याच्यापेक्षा वेगळी करायची सोयच नाही आपल्याकडे, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. तर तिथे एका काळ्या मर्क्युरीपाशी आण्णा थांबले, खाली बसले, एक डोळा मिटला आणि दाराच्या पत्र्यावरून छतावरच्या दिव्याचं प्रतिबिंब बघत राहिले. पत्र्यात कुठे पोचा असेल, लांबी (पुट्टी) कमीजास्त भरली असेल तर त्या उजेडाची रेघ मोडते, हा हिशोब. पुढच्या मडगार्डपासून मागपर्यंत रेघ कुठेच मोडली नाही. गाडीवाला लांबून बघत होता, त्याला बरोब्बर कळलं हा माणूस काय तपासतोय, तो उठून आला आणि उघड्या पत्र्याचे फोटो काढून दाखवायला लागला, जुन्या काळासारखं लांबीऐवजी शिसं वितळवून लाकडी पट्टीने ओढलेलं. आण्णांना इंग्लिश येत नाही, त्याला मराठी, पण दोघं अर्धा तास हातवारे करत होते, मी नुसता उभा. परत येताना 401 वर आण्णा एवढंच म्हणाले, "हाताला एवढा वेळ मिळाला असता तर आम्हीपण केलं असतं रे." मला ते अजून आठवतं.

आणखी एक, हा शो सुरू कसा झाला तेही मुलाला सांगा. पोरं रस्त्यावर रेस लावायची, म्हणून मिशिगन हॉट रॉड असोसिएशनला स्वतःची ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेत रेस लावायचा ट्रॅक) हवी होती, त्यासाठी पैसे उभे करायला 1953 मध्ये पहिला शो केला, गाड्या 40. आता आठशेच्या आसपास असतात. आपण वर्गणी काढून गणपतीला हॉल घेतो तसंच की हो हे! म्हणून मला तो क्लब आपला वाटतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पिकेट अव्हेन्यूचा जुना फोर्ड कारखाना बघा, 1908 मध्ये मॉडेल टी तिथे जन्मली. लाकडी जमिनीवर तेलाचे डाग अजून आहेत.

— किचनरहून

----------

काका, मलाही विचारायचंय. आम्ही दोघं पीआरवर (कॅनडाचे कायम रहिवासी) आहोत, पासपोर्ट इंडियन. नुसतं पीआर कार्ड चालतं का? आणि आईबाबा आलेत व्हिजिटर व्हिसावर, त्यांनाही न्यायचंय.

----------

नाही, पीआर कार्ड परत येताना लागतं, जायला अमेरिकेचा व्हिसा लागतोच, चौघांनाही. अपॉइंटमेंटला फार वेळ लागतो, आमच्या आण्णांचा भारतातून निघायच्या आधीच काढून ठेवला होता म्हणून जमलं. तुमच्या आईबाबांच्या पासपोर्टवर जुना दहा वर्षांचा असेल तर आजच तारीख बघून घ्या. आणि ब्रॅम्प्टनच्या ताई, तुमचं जायचं नक्की झालं की मला मेल टाका, मी शुक्रवारी तिथेच असेन, तुमच्या मुलाला त्या मर्क्युरीवाल्याला भेटवतो, येणार असेल तर.