आजोबा फौजेत मास्तर होते, मग युद्धाचं मेडल कसं?

आजीची ट्रंक आवरताना आजोबांचं मेडल सापडलं. लाल रिबनवर हिरव्या उभ्या रेघा, वर पट्टी आहे तिच्यावर इंग्रजीत जम्मू अँड काश्मीर लिहिलंय. आजोबा आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये ऑफिसर होते, म्हणजे जवानांना शिकवायचे. काका म्हणतात त्यांनी कधी बंदूक चालवली नाही, हे दुसऱ्या कुणाचं तरी असणार. खरंच असं असेल का?

माजी सुभेदार, सातारा
ताई, हे जनरल सर्व्हिस मेडल १९४७. पुढच्या बाजूला तलवार दिसेल बघा, ती भवानी. हे शौर्यपदक नाही, मोहिमेचं पदक आहे. वीरचक्र पराक्रमासाठी, आणि हे त्या मोहिमेत नेमून दिलेल्या भागात ड्युटी केली म्हणून मिळतं, मग तुम्ही पायदळात असा, सिग्नलमध्ये असा नाहीतर एज्युकेशनमध्ये. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपली फौज श्रीनगरला उतरली आणि १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाली, त्या लढाईसाठी ही पट्टी. घरबसल्या कुणाला मिळत नव्हती. काकांना सांगा, कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा.

पचमढीची लेक
माझे वडील ह्याच कोअरमध्ये हवालदार होते म्हणून राहवलं नाही. जवान त्यांना मास्टरजी म्हणायचे. नकाशा वाचायला शिकवणं, बढतीसाठी लागणाऱ्या परीक्षांची तयारी करून घेणं, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याला घरी स्वतःच्या हाताने पत्र लिहिता येईल इथपर्यंत आणणं. एका जवानाने पहिलं पत्र लिहिलं त्यात फक्त आईचं नाव आणि 'मी बरा आहे' एवढंच होतं, ते सांगताना बाबांचा आवाज दरवेळी बदलायचा. कोअरचं ब्रीदच 'विद्यैव बलम्' आहे. शिकवणं म्हणजे लढणं नाही हे मला कधीच पटलं नाही.

माजी सुभेदार, सातारा
अगदी बरोबर. त्या लढाईत नौशेरा-झांगर भागात आपली मराठा पॅरा पलटणही होती. आणि हो ताई, मेडल चिंच-पितांबरी लावून अजिबात घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. मऊ कपड्याने नुसतं पुसा. सर्व्हिस रेकॉर्ड हवं असेल तर अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील.

मूळ प्रश्नकर्ती
आत्ताच भिंगाखाली बघितलं. आजोबांचंच नाव आहे, पुढे कॅप्टन. काकांना फोटो पाठवलाय, ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने फोन आला की मेडल घेऊन रविवारी घरी ये.