पटत नसेल तर नोकरी सोडा, रोजची कुरकुर बंद करा

सातपूरचा_फिटर:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एकाच कंपनीत अकरा वर्षं काढली. पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही सहा जण साहेबाच्या नावाने बोटं मोडायचो. घरी गेलो की तीच टेप बायकोसमोर. एकदा मुलगी आईला हळूच म्हणाली, "बाबा आले, आता परत कंपनी सुरू." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दिवाळीनंतर राजीनामा टाकला. आता गोंदे गावच्या कंपनीत आहे. पगार दीड हजाराने कमी, जाण्यायेण्यात तास जास्त मोडतो, पण घरी आल्यावर पोरीचा अभ्यास घेतो. बाकीचे पाच अजून त्याच टपरीवर तेच बोलतात. कुरकुरीने साहेबाचं काही बिघडत नाही, घरच्यांचं बिघडतं. निघा तिथून.

सिडकोवाली:
दादा, तुमच्या हातात ट्रेड होता म्हणून निघालात. माझ्या नवऱ्याची नोकरी ठेकेदाराकडे, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आणि तक्रार वाया जाते हे मला मान्यच नाही. आमच्या खात्यात बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. दोन वर्षं मागे लागलो, सगळ्यांच्या सह्या घेऊन लेखी दिलं, तेव्हा मिळाली. तुमच्यासारखं आम्हीही निघून गेलो असतो तर मागून आलेल्या पोरींनी काय केलं असतं?

सातपूरचा_फिटर:
ताई, सह्या करून दिली ती तक्रार. तिला माझा नमस्कार. मी बोलतोय ते टपरीवरच्या कुरकुरीबद्दल. अकरा वर्षांत आम्ही सहा जणांनी एक कागद दिला नाही, हे मात्र तुमचं वाचून लागलं.

निफाडकर:
सोडा म्हणणं सोपं आहे. माझा चुलतभाऊ वैतागून सिन्नरची नोकरी सोडून घरच्या द्राक्षबागेत आला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, औषधांवरच सगळं गेलं. बागेला सात तारखेला पगार होत नसतो. पुढची जागा हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

देवळाली_गाव:
माझी चार वर्षं दोन महिने झालीत. सुपरवायझर रोज चारचौघांत अपमान करतो. उद्याच सोडावी वाटते.

नाशिकरोडचे_काका:
बाळा, पर्मनंट असशील तर दहा महिन्यांचा हिशोब कर. राजीनामा दिल्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, मिळायला सलग पाच वर्षं लागतात. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. बेसिक-डीए 26,000 असेल तर वर्षाला 15,000, म्हणजे पाच वर्षांचे 75,000. ते साहेबाचे उपकार नाहीत, तुझ्या घामाचे आहेत. आणि पीएफ काढून खाऊ नकोस, नव्या कंपनीत वर्ग कर. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात. पण अपमानाने तब्येत ढासळत असेल तर 75,000 साठी थांबू नकोस. मी थांबलो होतो. बीपीची गोळी तेव्हापासून सुरू आहे.

सातपूरचा_फिटर:
काकांशी सहमत. दहा महिने काढायचे तर संध्याकाळी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, शीक. शोधत राहा, कुढत बसू नकोस.

सिडकोवाली:
आणि सुपरवायझर कुठल्या तारखेला काय बोलला, कोणासमोर बोलला, ते वहीत लिहून ठेव. एचआरला लेखी दे, पोच घे. सोडायची ती त्यानंतर. मी तर सोडणार नाहीच. दुसऱ्या पाळीची गाडी आम्हाला पाथर्डी फाट्यावर उतरवते, पुढे बायका अंधारात चालत जातात. त्याचं पत्र सोमवारी द्यायचंय, चौदा सह्या झाल्यात.